कळचाचणी केंद्र

ब्रह्मदेवानं सृष्टी निर्माण केली आणि ती तपासायला आमच्या साडूंकडे पाठवली नाही, हे तुमचं-आमचं नशीब. नाहीतर निम्मी सृष्टी 'माप कमी भरते' असा शेरा घेऊन परत गेली असती आणि उरलेल्या निम्मीला 'फेरतपासणीस हजर व्हावे' अशी नोटीस निघाली असती. आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला 'पाव्हणं' म्हणतात. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, सोलापुरात दोन पेठा सोडून आम्ही राहतो, आठवड्यातून चारदा एकमेकांकडे चहा होतो, तरी मी अजून पाव्हणंच. दाजी वजनमापे खात्यात होते. बाजारातले काटे, तागड्या, लिटरची मापं तपासायची, खोटं निघालं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. तिथून ते निवृत्त झाले असं सरकारी कागद म्हणतो. दाजींना काही ते मान्य नाही.

त्यांच्या घरी पाहुण्याला चहा मिळतो तोही मापानं. नव्वद मिलिलिटर. का, तर शंभरात माणूस शेवटचा घोट टाकतो आणि ऐंशीत रिकाम्या कपाकडे बघत बसतो, असं त्यांनी बऱ्याच पाहुण्यांवर नजर ठेवून ठरवलंय. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ज्वारीची कडक भाकरी अशी करते की हातात घेतली तर वाजावी. दाजी जेवायला बसले की आधी खिशातली पट्टी भाकरीवर आडवी ठेवणार. "आज पाव इंच कमी आहे." एकदा अक्का तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मग पाव इंच भूक कमी ठेवा की." दाजींनी क्षणभर विचार केला, "हे बरोबर आहे," म्हणाले आणि मुकाट्यानं जेवले. त्यांचं असंच आहे. माप जुळलं की राग संपला.

माझी मुलगी जन्मली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन वजन सांगितलं, दोन किलो नऊशे. मी आनंदानं पेढे आणायला निघालो, तर हे गृहस्थ दवाखान्याच्या काट्यापाशी उकिडवे बसलेले. "पाव्हणं, गडबड करू नका. काटा चाळीस ग्रॅम पुढं आहे." आज माझी मुलगी पंचवीस वर्षांची आहे, बंगळूरला नोकरी करते, पण दाजींच्या लेखी ती अजून चाळीस ग्रॅम कमीच. पेट्रोल पंपावर ते पाच लिटरचं माप मागून घेतात. गिऱ्हाइकाला तो हक्क आहे, कबूल. पण भर मे महिन्यात, डोक्यावर सोलापूरचं ऊन आणि मागं गाड्यांची रांग असताना हा हक्क बजावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अशा वेळी मी स्कूटरच्या मागच्या सीटवर हेल्मेटची काच खाली ओढून बसतो, न जाणो कुणी ओळखीचं निघायचं. गड्ड्याच्या जत्रेत भज्यांचे गाडेवाले त्यांना लांबून बघूनच पाव किलोवर दोन भजी जास्त टाकतात. दाजींना त्याचाही राग. "जास्त देणं हीसुद्धा चूकच आहे," असं सांगून ते ती दोन भजी परत करतात. मी शेजारी उभा असतो. ती भजी मला चालली असती, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

निवृत्तीनंतर माणसं एकतर देवाकडे वळतात नाहीतर मधुमेहाकडे. दाजी वळले कॉम्प्युटरकडे. पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले. मुलांची कलचाचणी घेणारं. पडद्यावर एकशेऐंशी प्रश्न येतात, मुलानं 'नेहमी', 'कधी कधी' किंवा 'कधीच नाही' यातलं एक बटण दाबायचं, आणि शेवटी तीस पानांचा रंगीत अहवाल बाहेर पडतो: अमुक अभिरुची इतकी, तमुक क्षमता तितकी, सबब या मुलानं पुढं हे शिकावं. दाजींचे डोळे चमकत होते. "पाव्हणं, जन्मभर मी कांदे, रॉकेल आणि कापड मोजलं. माणूस मोजणारा काटा आता कुठं आला!" पुढच्या खोलीतला दिवाण हलवून त्यांनी टेबल मांडलं, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी टेबलफॅन, भिंतीवर घड्याळ. केंद्र तयार झालं. राहिला फक्त बोर्ड.

बोर्ड रंगवायला पेठेतलाच एक रंगारी बोलावला. घरी तेलुगू बोलणारा, बाजारात मराठी, हात मात्र सुरेख. 'कलचाचणी केंद्र' एवढंच लिहायचं होतं. काम झाल्यावर दाजी पट्टी घेऊन शिडीवर चढले. प्रत्येक अक्षर सहा इंच, दोन अक्षरांत दीड इंच, एक सूत इकडचं तिकडं नाही. "पास," म्हणाले आणि उतरले. बोर्ड मोजला त्यांनी, वाचला मात्र मी, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना. सहा-सहा इंची ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कळचाचणी केंद्र. रंगाऱ्याला बोलावून ल आणि ळ यांतला फरक सांगितला तर तो शांतपणे म्हणाला, "मानसाला कळलं म्हंजे झालं की सर." पुन्हा रंगवायचा तर अंतरं नव्यानं आखावी लागली असती, आणि एकदा पास केलेला माल दाजी नापास करत नाहीत. बोर्ड राहिला.

आता मराठीत कळ पोटात येते, कळ दिव्याची दाबतात, भांडणात कळ लावतात, आणि कचेरीत आलेल्या माणसाला आम्ही 'जरा कळ काढा' म्हणतो. या सगळ्यांसाठी दाजींकडे माणसं आली. एक बाई आपल्या जावेला घेऊनच आली, घरात कळ कोण लावतंय ते मशीनवर बघून सांगा म्हणाली. पोटदुखीवाले तर रोज दोन-तीन. अक्कानं त्यांच्यासाठी ओव्याची बरणी पुढच्या खोलीतच आणून ठेवली. पण खरी मुलंही यायला लागली. चाचणी म्हणजे दाजींच्या लेखी पडताळणी. मूल आलं की त्यानं हातपाय धुवायचे, खिशातलं सगळं काढून ताटलीत ठेवायचं आणि दोन मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं. "का? काटा आधी शून्यावर आणावा लागतो." आईबापांना खोलीत प्रवेश नाही. "आईबाप जवळ बसले की काट्याची दांडी मारतात." एका डॉक्टरांच्या मुलाच्या अहवालात बेकरी व्यवसाय आला. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी हळूच विचारलं, पहिल्या पानावर तेवढं वैद्यकीय करता येईल का. दाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मापात पाप माझ्या हातून व्हायचं नाही." डॉक्टर गेले. मुलगा मात्र जाताना दाजींच्या पाया पडला, त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

अशात एका जूनमध्ये मंद्रूपचे सिद्रामप्पा आले. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. डोक्याला पांढरी टोपी, एका हातानं पोट धरलेलं, आणि मागं सोळा वर्षांची मुलगी, भाग्यश्री. "तीन दिस झालं, कळ मारतीया बगा," ते म्हणाले. "मशीनवर बगता नव्हं?" दुसऱ्या कुणी बोर्डाची चूक समजावून सांगितली असती. दाजींनी घड्याळ काढलं. "किती वेळानं येते?" पुढचा अर्धा तास त्यांनी सिद्रामप्पांच्या कळा मोजल्या. दर अकरा मिनिटांनी एक. चौथीच्या आत अक्कानं ओवा आणि कढत पाणी पाजलं, आणि ती आलीच नाही. पोट शांत झाल्यावर सिद्रामप्पांचं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. ह्ये काय सांगतं, असं त्यांनी विचारलं. मुलांनी पुढं काय शिकावं ते सांगतं म्हटल्यावर त्यांनी मुलीकडे बघितलं, आणि मुलगी एकदम ताठ झाली.

भानगड अशी होती. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला सोलापुरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. बापाचं म्हणणं, गावातच आर्ट्सला बसावं. दोन वर्षांनी, अठरा पुरी झाली की दुधनीला देऊन टाकू, स्थळ बघितलेलं हाय, व्यापारी माणसं हायत. घरात महिनाभर हाच वाद. मुलगी अडून बसलेली, आई रडून बसलेली. सिद्रामप्पा म्हणाले, "माजं बी नगं आन् तुजं बी नगं. मशीन म्हनंल ते. डिप्लोमा म्हनलं तर डिप्लोमा. न्हाय म्हनलं तर परत त्वांड उगडायचं न्हाय. कबूल?" मुलीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर केवढा विश्वास होता! मशीनवर तिचा जीव होताच, मशीनलाही ती आवडेल असं तिला वाटलं असावं.

दाजी सॉफ्टवेअर सुरू करत होते तेवढ्यात टेबलफॅन बंद पडला. तो वरचेवर पडायचा. आम्ही त्याला चापट मारायचो. भाग्यश्रीनं विचारलं, "बगू का?" उत्तराची वाट न बघता तिनं पिन काढली, अक्काकडून सुरी घेतली, वायरचा जळलेला तुकडा कापला, तारा सोलून पुन्हा पिळल्या, पिनमध्ये बसवल्या आणि पंखा लावला. दाजींच्या हातात घड्याळ होतंच. "सहा मिनिटं," ते पुटपुटले. मग हातपाय धुणं, ताटली, दोन मिनिटांचं मौन. बापाला बाहेरच्या बाकावर बसवलं. आणि खोलीतून बाहेर पडताना दाजींनी सगळ्या मुलांना देतात ती ताकीद तिलाही दिली, "खरं तेच दाबायचं. खोटं एक जरी दाबलंस तरी सगळं माप बिघडतं."

तासाभरानं अहवाल आला, बापाला आत बोलावलं. दाजींनी पहिलं पान वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. यांत्रिक व विद्युत अभिरुची: अत्यल्प. शिफारस: गृहव्यवस्थापन, पाककला, बालसंगोपन. सिद्रामप्पांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. "नोडु! बग, मशीनबी तेच म्हनतंय की!" मुलगी रडली नाही. बापामागून उठली, दारात चप्पल घातली, आणि मग वळून दाजींना एवढंच म्हणाली, "सर, त्यात विचारलं हुतं, घरातली इस्त्री बिघडल्यावर तुमी उगडून बगता का. आमच्यात इस्त्री न्हाय. कापडं आमी उशाखाली ठेवतो. असती तर उगडली असती की." आणि गेली.

दाजी तसेच उभे राहिले. चहा निवला. अक्कानं दोनदा हाक मारली, यांचं लक्ष नाही. मग त्यांनी कॉम्प्युटरवर तिची उत्तरं एक-एक करून काढली. सुटीत यंत्रांची प्रदर्शनं पाहायला जाता का? कधीच नाही. मंद्रूपात कुठलं प्रदर्शन? खोलीत एकटे बसून खेळण्यातली मोटार जोडता का? कधीच नाही. घराला खोल्या दोन, माणसं सात, आणि खेळण्यातली मोटार आणणार कोण? स्वयंपाकात मदत करता का? नेहमी. लहान भावंडांना सांभाळता का? नेहमी. पोरीनं एकही खोटं दाबलं नव्हतं. दाजींनी सांगितलं होतं म्हणून दाबलं नव्हतं. "पाव्हणं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा आला, "काटा खोटा आहे."

मी म्हटलं, एखाद्या वेळी होतं, सोडून द्या. माझी चूकच झाली. सोडून द्या हे शब्द त्यांच्यापुढं उच्चारू नयेत. "खोटा काटा सोडून दिला असता तर मी पगार कशाचा खाल्ला?" ते कडाडले. मग त्यांनी मला त्यांच्या खात्याची रीत सांगितली. काट्याचा संशय आला की त्यावर माल टाकून काही कळत नाही. ज्याचं वजन आपल्याला पक्कं ठाऊक आहे अशी वजनं टाकायची. त्यांना प्रमाण वजनं म्हणतात. काटा बरोबर सांगतो का बघायचं. तीन वेळा चुकला की काटा नापास. "तेव्हा आता तीन माणसं पाहिजेत. ज्यांच्याबद्दल तिळमात्र शंका नाही अशी."

पहिला मान मोटार रिवाइंडिंगवाल्या रज्जाकभाईंचा. जळालेली मोटार नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस. त्यांना हातपाय धुवायला लावलं, मौन पाळायला लावलं, आणि तासाभरानं अहवाल आला: यांत्रिक अभिरुची शून्याच्या जवळ, शिफारस हॉटेल व्यवसाय. इस्त्रीच्या प्रश्नाला काय दाबलं विचारलं तर रज्जाकभाई प्रामाणिकपणे म्हणाले, "कधीच नाही. घर के चीजां कू मै हात नै लगाता साब. बीवी तीन महिने से चिल्ला रई, मिक्सर बंद पड्या है." दुसरी अक्का. तिच्या हातच्या जेवणासाठी माणसं सोलापूरचा मुक्काम वाढवतात. मशीननं तिला पोलीस खात्याची शिफारस केली. दाजींनी हे मोठ्यांदा वाचलं आणि मग का कोण जाणे, थोडे घुटमळले. अक्का म्हणाली, "ह्याचं बरोबर आलंय की हो." दाजींनी ते मोजणीत धरायचं की नाही यावर बराच विचार केला आणि शेवटी स्वयंपाकाचे गुण कमी आले म्हणून चूक लिहिलं.

तिसरा मी. "तुम्ही तर जन्मजात कारकून," दाजी म्हणाले. "तुमच्यासारखं खात्रीचं वजन सोलापूर जिल्ह्यात मिळायचं नाही." हे कौतुक आहे की काय ते मी विचारलं नाही. आवक-जावकच्या टेबलावर माझी हयात गेली. कागद येतात, मी आकडा घालतो, कागद जातात. हातपाय धुऊन बसलो. एकशेऐंशी प्रश्न. घाई नव्हती, दार बंद होतं, पंखा नीट फिरत होता. मी सगळं खरं दाबलं. अहवालाचं पहिलं पान दाजींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. कार्यालयीन कामाची अभिरुची: अत्यल्प. शिफारस: रोपवाटिका, फळबाग, कलमे बांधणे. दाजी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "पाव्हणं आणि रोपवाटिका! अहो, तुमच्या गॅलरीत एक कुंडी नाही! कलमं बांधणार म्हणे, कायद्याची का?" अक्काही हसली. मीही हसलो. "संपलं," दाजी म्हणाले, "तिन्ही वजनं चुकली. काटा नापास." जुन्या सवयीनं त्यांनी कॉम्प्युटरला सुतळी बांधली आणि गाठीवर लाख लावून सील केलं.

पण खात्याच्या रीतीप्रमाणे खोटा काटा नापास करून भागत नाही, ज्याला चुकीचा माल गेला त्याला कळवावं लागतं. आर्ट्सचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. मंद्रूपचा बाजार होता त्या दिवशी दाजींनी स्कूटर काढली आणि मला मागं बसवलं. भर बाजारात, कांद्याच्या ढिगाऱ्यापाशी सिद्रामप्पा सापडले. दाजी त्यांच्यापुढं उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं यंत्र खोटं निघालं. मी तुमच्या मुलीला खोट्या मापानं मोजलं. तो अहवाल रद्द समजा." शेजारचे दुकानदार वळून बघायला लागले. बाजारात उभं राहून 'माझं माप खोटं' म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला असेल. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

सिद्रामप्पा चिडले. "आट दिसांत मशीन बदललं व्हय? पोरीनं फोन केला काय तुमाला?" दाजी म्हणाले, नाही. सिद्रामप्पा त्यांच्याकडे निरखून बघायला लागले. त्या दिवशी पोटात कळ होती, चेहरा नीट बघितला नसावा. "थांबा थांबा. तुमी त्येच की वो! लई वर्सं झाली. माजी दगडाची किलो जप्त केल्ती!" दाजींना आठवत होतं. "एकशेदहा ग्रॅम कमी होती," ते म्हणाले. आता मार बसतो, असं मला वाटलं. पण सिद्रामप्पा कांद्याच्या पोत्यावर बसले आणि हसायला लागले. "लई शिव्या दिल्त्या तुमाला. माज्या बापानं तर पाक आयमाय काडली. पर समद्या बाजारात एकच सायेब आला हुता, ज्यानं च्यासुदीक घेतला न्हाय." मग हसू ओसरलं. "बरं. मशीन चुकलं, मान्य. पर पोरगी बरुबर हाय, ह्ये कशावरनं?"

दाजींनी पंख्याचं सांगितलं. सहा मिनिटं. सिद्रामप्पांनी हात झटकला. "पंक्याचं काय सांगता? आमच्या हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कोन बगतं? तीच की. वायरमनला आट-आट दिस बोलवून येत न्हाय. ती सोलापुरात गेल्यावर मोटार कोन चालू करनार वो? पिकाला पानी कोन देनार?" बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानावर आलं असावं. दाजी कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही मोजलंत, आप्पा. मी नाही." सिद्रामप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. बराच वेळ कांदे इकडचे तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "दुधनीवाल्यांस्नी आता मी काय सांगू?" आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "सांगंन काईतरी. मशीन बिगाडलंय म्हनून सांगंन."

भाग्यश्री आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथंच वसतिगृहावर राहते. रविवारी कधी कधी अक्काकडे जेवायला येते आणि घरातलं काही ना काही उघडून बसते. दाजींनी केंद्र बंद केलं. ज्या-ज्या मुलांची चाचणी घेतली त्या सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या अक्षरात पत्रं पाठवली, अहवाल रद्द समजावा म्हणून. डॉक्टरांनी फोन करून आभार मानले, त्यांच्या मुलानं मात्र केला नाही. दाजी बदललेत. परवा भाकरीवर पट्टी ठेवायची विसरले, तर अक्काच म्हणाली, "अहो, बरं नाही का?"

आणि मला इथं जे सांगायचंय ते मी त्यांना सांगितलेलं नाही. मशीन माझ्या बाबतीत चुकलं नव्हतं. माझा मामा सांगोल्याला असायचा, डाळिंबाची बाग होती. शाळेच्या सगळ्या सुट्या मी तिथं काढल्या. फांदीची साल बोटभर रुंदीनं गोल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधायचं. याला गुटी म्हणतात. महिना-दीड महिन्यानं प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं दिसायला लागतात. मी बांधलेली गुटी सहसा वाया जायची नाही. "ह्येच्या हाताला गुन हाय," मामा सगळ्यांना सांगायचा. दहावीनंतर त्यानं वडिलांना विचारलं, पोरगा राहू दे माझ्याकडं, रोपवाटिका काढू. वडील म्हणाले, टँकरच्या पाण्यावर झाडं लावून कुणाचं पोट भरलंय, टायपिंगच्या क्लासला याचं नाव घातलंय. मी तिथंच उभा होतो. भाग्यश्री दारात वळून एक वाक्य तरी बोलली. मी तेवढंही बोललो नाही.

त्या दिवशी दाजी हसले तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर तिसरं वजन बरोबर भरलं असतं, काटा नापास झाला नसता, आणि ती मुलगी आर्ट्सला जाऊन बसली असती. म्हणून गप्प बसलो. निदान मी स्वतःला तसं सांगतो. पण आता त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली, आता सांगून कुणाचं काय बिघडणार? तरी जीभ रेटत नाही. सांगितलं की दाजी लगेच विचारणार, "मग केलं का नाही?" आणि त्यांना 'असंच राहून गेलं' हे उत्तर चालत नाही.

हल्ली संध्याकाळी चहा घेताना ते मध्येच कप खाली ठेवतात. त्या मुलांचा विचार त्यांच्या डोक्यातून जात नाही. "पाव्हणं," म्हणतात, "इतक्या जणांना मोजलं. सगळीच मापं खोटी गेली का हो? एखाद्याचं तरी बरोबर आलं असेल?"

"असेल की," मी म्हणतो.

"कुणाचं असेल?"

"काय सांगावं," मी म्हणतो, आणि कप आत ठेवायला उठतो.